काट्याकडे पाठ

बाई,

तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली आणि आता तुमच्या जागेवर मी बसते. खुर्ची बदललीय, चाकांची आलीय, पण टेबल खिडकीशी होतं तिथेच आहे, आणि मी वॉर्डात शिरले की पोरी बोलायच्या थांबतात, म्हणजे जागा तीच. अक्षर खरखरीत येतंय त्याबद्दल माफ करा, पेन बरीच वर्षं पडून होतं, कोमट पाण्यात निब धुतली तेव्हा कुठे चालायला लागलं. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तुम्हाला आवडणार नाही. म्हणून आधी थोडी फुशारकी मारून घेते. तुम्हाला चष्म्यावरून बघायचं असलं तर बघा खुशाल. मी आता अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, केमोच्या डे-केअरची इन्चार्ज आहे, आणि चांगली नर्स आहे. हे वाक्य लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही. तुमची लागली असती, पण तुम्ही ती काही दिली नसतीत.

तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते, यवतमाळकडची, मोठ्या आवाजाची. आमच्याकडे शेजाऱ्याशी बोलायला कोणी त्याच्या दारापर्यंत जात नाही, आपल्याच अंगणातून हाक घालतात. त्यामुळे मी वॉर्डात 'आजी, लघवी झाली का जी?' असं विचारलं की खालच्या केसपेपरच्या रांगेलाही कळायचं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "अहो, आजींची एवढी मोठी बातमी, पेपरात देऊ या का?" तुम्ही आम्हा पोरींनाही अहो-जाहो करायचात. मला तोवर जन्मात कोणी 'अहो' म्हटलं नव्हतं. पहिले चार दिवस मला वाटलं, काय मान देतात पुण्याची माणसं! मग कळलं की त्या 'अहो'च्या पाठोपाठ काय येतं, आणि तो शब्द ऐकला की मी हातातलं काम आधी तपासून बघायला लागले.

पण खरा मार बसला तो सात नंबरच्या खाटेवरून. तिथली बाई तीस-पस्तिशीची होती, पदरात दोन लहान मुलं. तिनं माझा हात धरून विचारलं, "मी बरी होईन ना?" आणि मी तिचा हात थोपटून म्हणाले, "तुम्हाला काही होणार नाही, मी सांगते ना." तुम्ही दारात होतात. मला वॉर्डात काही बोलला नाहीत. भांडी उकळायच्या खोलीत नेलंत, दार लावलंत.

"आपण ज्योतिषी आहात का?"

"नाही, बाई."

"मग कशाच्या जोरावर सांगितलंत?"

"तिला बरं वाटावं म्हणून."

"तिला नाही हो. तुम्हाला. ती रडायला लागली असती तर तुम्हाला तिच्याजवळ बसावं लागलं असतं. खोटं बोललात आणि सुटलात." मग तुम्ही मला तो नियम सांगितलात, जो मी पुढे शेकडो पोरींना सांगितला, तुमचं नाव न घेता, जणू माझाच आहे. पेशंट विचारेल तेव्हा सांगायचं, विचारेल तेवढंच सांगायचं, जे सांगायचं ते खरं सांगायचं, आणि सांगून झालं की पळायचं नाही. बसायचं.

बसायला तुमचं ते स्टूल होतं. इस्पितळाच्या सुताराकडून तुम्ही त्याचे पाय चार बोटं कापून घेतले होते, का, तर पेशंट खाटेवर आडवा असला तरी बसणाऱ्याचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर यावेत. आम्ही पोरी पाठीमागे त्याला 'बाईंचा पाट' म्हणायचो. ते अजून आहे, बाई. इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांनी दोनदा भंगारात काढलं, लाकूड चालत नाही म्हणाले. मी दोन्ही वेळा परत आणलं, रंग मारून घेतला, वरून रेक्झिन ठोकून घेतलं आणि त्यांना सांगितलं, आता पुसून दाखवा, जंतू सापडला तर मला दाखवा. पुन्हा कोणी आलं नाही.

आता कोरोनाचं. तुम्ही तो बघितला नाहीत आणि मला त्याचं कितीदा तरी बरं वाटलंय. रोग नवीन, औषध नाही, शहर बंद, रस्त्यावर पोलीस. पण कॅन्सर काही बंदला जुमानत नव्हता. आमच्या पेशंटांच्या केमोच्या तारखा ठरलेल्या, आणि अंगातली ताकद औषधानंच काढून घेतलेली, त्यामुळे कोरोना त्यांच्यावर आधी झडप घालणार हे त्यांनाही माहीत. जुन्या शहरातले एक रिटायर्ड हेडक्लार्क होते, ते फोनवर म्हणाले, "सिस्टर, यायचं की नाही ते राहू द्या. कशानं मरायचं याचा पर्याय निवडायला फॉर्म वगैरे असतो का?" आम्ही दुपारी दोन ते चार नुसते फोन करायचो. जेवलात का, ताप आहे का, झोप लागते का. आणि शेवटी, मनात काय चाललंय? हा प्रश्न मी पोरींना विचारायला लावला. आधी लाजायच्या. मग एक जण म्हणाली, मॅम, ह्या प्रश्नालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. म्हटलं, म्हणूनच तो शेवटी ठेवलाय, मध्येच ठेवता येत नाही.

नातेवाइकांना आत सोडत नव्हते. बायको गेटवर, नवरा आत, चार तास सलाईन. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेल्या, वर मास्क, त्यावर काचेसारखी ती प्लास्टिकची ढाल. पेशंटला दिसणार काय, तर धुकं आलेले डोळे. मला मग बोलून दाखवायची सवय लागली, "मी हसतेय बरं का." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मलाच वेड्यासारखं वाटलं, पण खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "हसतेय होय, मला वाटलं चिडलीस." घरी मी पुढच्या खोलीत वेगळी राहायचे, लेक दारातून ताट सरकवायची. आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात लांब उभे राहून म्हणाले, "मॅडम, आपण काही दिवस हॉस्पिटलमध्येच राहिलात तर सगळ्यांच्याच दृष्टीनं बरं." मी म्हटलं, "राहते की. तुमच्यासाठीही एक खाट धरून ठेवू का?" तुमच्याच तालमीत तयार झालेली आहे मी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेसनी गुपचूप पोहे पाठवले.

ह्या सगळ्यात काका आले. साठीचे, जठराचा कॅन्सर, ऑपरेशन होऊन गेलेलं, आता केमोच्या सहा फेऱ्या. मार्केट यार्डात तोलणार होते. म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे काम. चौतीस वर्षं. आवाज असा की आमच्या वॉर्डात कुजबुजले तरी तीन खाटांवर ऐकू जायचं. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले, कदाचित त्या आवाजामुळेच.

केमोआधी दर वेळी वजन घेतात हे तुम्हाला सांगायला नको, औषध किती द्यायचं ते त्यावरच ठरतं. पण तुमच्या वेळचा तो, दांडीवर गोटा सरकवून वजन बघायचा काटा आता नाही. आता इलेक्ट्रॉनिक आहे, मागे उभा दांडा, दांड्यालाच उंचीची पट्टी आणि वर आकडे. त्यामुळे पेशंट दांड्याला पाठ लावून उभा राहतो आणि आकडा फक्त आम्हाला दिसतो. पहिल्या फेरीला काका छप्पन्न किलो भरले. दुसऱ्या फेरीला त्रेपन्न. तिसऱ्या फेरीच्या दिवशी त्यांचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे गेलेला, सुतळीनं बांधलेला. काट्यावर उभे राहिले, सरळ, जवानासारखे. एकोणपन्नास सातशे. "किती भरलो?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी सकाळपासून आमच्या दोन पोरी पॉझिटिव्ह आल्या होत्या. माझी सलग सहावी ड्युटी. गॉगलच्या कडेनं कपाळाला जखम झालेली. मी म्हणाले, "बावन्न. एखादाच किलो गेलाय, भरून येईल." फाइलमध्ये खरं लिहिलं, डॉक्टरांना खरं सांगितलं, डोस बदलून घेतला, तिथे चूक नाही. फक्त काकांना खोटं सांगितलं. माझ्या शेजारी लातूरची एक नवी मुलगी होती, तिनं बाजूला येऊन विचारलं, "मॅम, आपण त्यांना रॉंग वेट सांगितलं ना?" त्याच आठवड्यात आम्हाला ऑनलाइन ट्रेनिंग झालं होतं, पेशंटचं मनोबल वगैरे. मी तिला म्हणाले, "ह्याला सायकॉलॉजिकल सपोर्ट म्हणतात." असं म्हणाले मी, बाई. वर तोंड करून.

चौथ्या फेरीला काका आलेच नाहीत. मी फोन केला.

"काका, आज तारीख होती तुमची."

"व्हती."

"मग? पास नाही मिळाला? रिक्षा नाही? मी बघते काहीतरी."

"पास हाय. रिक्षा बी हाय. मलाच यायचं न्हाई." मग म्हणाले, "सिस्टर, गेल्या टायमाला माझं वजन किती भरलं व्हतं?"

बाई, इथे मला सावरायची संधी होती. सरळ, स्वच्छ संधी. आणि मी म्हणाले, "बावन्न."

"न्हाई भरत," ते म्हणाले. "गाळ्यावर जाऊन आलो म्या. यार्ड उघडं व्हतं दोन दिस. पन्नासची गोणी चढवली, मग म्या चढलो. गोणीहून हलका भरलो. चौतीस वर्सं वजन पुकारलं सिस्टर. शेतकरी हिकडं उभा, व्यापारी तिकडं उभा, दोघं बी माझ्या तोंडाकडं बघत्यात. येकदा जरी खोटं पुकारलं असतं तर दुसऱ्या दिशी माझ्या काट्यावर कुणी माल घातला नसता. तुमी वजन खोटं सांगताय, तर त्या बाटलीतलं औषिद खरं कशावरनं?" आणि फोन ठेवला.

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू? तेरा-तेरा तास त्या प्लास्टिकमध्ये उकडून निघायचं, ह्यांच्यासाठी पोटच्या पोरीला लांब ठेवायचं, आणि ह्यांनी दोन किलोसाठी मला चोर ठरवायचं! "नाही यायचं तर नको येऊ दे म्हाताऱ्याला," असं मी त्या लातूरच्या मुलीसमोर म्हणाले. डॉक्टरांनी मात्र सांगितलं की आठवडाभर उशीर चालेल, पंधरा दिवस गेले तर आधीच्या तीन फेऱ्यांचं मातेरं, आणि पुढे मग त्यांच्याही हातात फार काही राहणार नाही. म्हणजे काका आले नाहीत तर काका मरणार, आणि ते माझ्या एका आकड्यामुळे. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी, त्यांच्या मालकिणीनं उचलला. "रागावू नगा ताई," त्या हळूच म्हणाल्या, "त्ये जेवत बी न्हाईत. भितीकडं त्वांड करून पडत्यात. म्हणत्यात, समद्यांना ठावं हाय, मलाच कुणी सांगत न्हाई." मी फोन ठेवला आणि भांडी उकळायच्या खोलीत गेले. म्हणजे ती खोली आता राहिली नाही, तिथे ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवतात. तिथे उभी राहिले. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला शब्द न् शब्द माहीत होतं, तरी ऐकायला गेले. मग तिथूनच पुन्हा फोन लावला आणि काकूंना म्हटलं, त्यांच्या कानाला लावा, बोलायची गरज नाही, नुसतं ऐकू दे.

"काका, मी खोटं बोलले. दोनदा बोलले. एकोणपन्नास सातशे होतं."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, "कशापायी?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," असं मी म्हणाले आणि लगेच थांबले. "नाही. तेही खोटंच. तुम्ही रडला असतात तर मला तुमच्याजवळ बसावं लागलं असतं, आणि त्या दिवशी माझ्यात बसायची ताकद नव्हती."

हे तुमचं वाक्य, बाई. तीस वर्षं होत आली ते माझ्या पाठीला चिकटलंय. काका म्हणाले, आणि आवाजात जरा धार आली होती, म्हणजे जीव होता, "काटा तपासून घ्यावा लागंल."

"या की तपासायला," मी म्हणाले. "तुमचं माप घेऊन या. माझ्या काट्यावर माझा विश्वास आहे, तुम्ही खात्री करा."

दोन दिवसांनी सकाळी गेटवरून सिक्युरिटीवाल्याचा फोन. "मॅडम, एक पेशंट लोखंडाचं वजन घेऊन आलाय, दहा किलोचं. आत सोडू का? कशाला पाहिजे विचारलं तर म्हणतो सिस्टरनी बोलावलंय." म्हटलं सोडा, आणि उचलायला आमच्या वॉर्डबॉय मामांना खाली पाठवलं. आमच्या मावशींनी त्या मापावर जंतुनाशकाचा फवारा मारला, सरकारी शिक्क्यासकट. काका भिंतीला टेकून उभे, हाडांचा सापळा, पण तोंड चालू. "मारा, मारा. त्याला बी खोकला झालाय सकाळधरनं." मामांनी माप काट्यावर ठेवलं. काका वाकून बघायला लागले आणि एकदम त्यांच्यात काय संचारलं कोण जाणे, यार्डातल्या आवाजात पुकारले, "धाऽऽ किलो शंभर!" सलाईन लावलेली अख्खी रांग दचकली. "शंभर ग्रॅम जास्ती दावतोय तुमचा काटा," काका म्हणाले. इतकं खूश मी त्यांना तोवर बघितलं नव्हतं.

मग मी त्यांना म्हणाले, "काका, आता तुम्ही. आकडा बघायचा असेल तर तोंड इकडे करून उभे राहा. नको असेल तर पाठ करा, मी नुसतं लिहीन, बोलणार नाही. तुम्ही सांगाल तसं." चार महिन्यांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा. ते तोंड करून चढले. आकडा थरथरला, थांबला. त्यांनी पुकारायला सुरुवात केली, "अठ्ठेचाळीऽऽस..." आणि आवाज तिथेच फुटला. "सहाशे," ते हळू म्हणाले. "वजा शंभर." आणि काट्यावरच उभे राहून लहान पोरासारखे रडले.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि तुमचं स्टूल ओढलं. सहा फुटांचा नियम होता. मी तो मोडला, सांगून ठेवते. अर्धा तास बसले. त्यांनी विचारलं, "मरतोय का म्या?" मी म्हणाले, "मला माहीत नाही, काका. डॉक्टर म्हणतात सहा फेऱ्या झाल्या तर आशा आहे, अर्ध्यात सोडलं तर फार नाही. वजन औषधानं उतरतंय, आजारानं उतरतंय असं आज तरी दिसत नाही. इतकंच खरं माझ्याकडे आहे." आणि मग गप्प बसले, कारण पुढे सांगण्यासारखं काही नव्हतं. तो गप्प बसण्याचा भाग मला आयुष्यात पहिल्यांदा जमला असेल. मास्कमध्ये माझं नाक गळत होतं आणि पुसता येत नव्हतं. काकांनी शेवटी शर्टाची बाही वर केली आणि म्हणाले, "लावा."

त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येकाला विचारतात, आकडा बघायचा की पाठ करायची. एवढीच गोष्ट, पण ती करायला मला पंचवीस वर्षं लागली. खराडीला आयटीत काम करणारी एक मुलगी यायची, डोक्याला रुमाल बांधून, सलाईन चालू असताना मीटिंगा घ्यायची. ती म्हणाली, "नको मॅम, स्पॉइलर नको." आणि दर वेळी पाठ करून उभी राहायची, गाणं गुणगुणत. ते हेडक्लार्क मात्र चष्मा पुसून बघायचे आणि म्हणायचे, "चला, इथे तरी आकडा पारदर्शक आहे." लातूरच्या त्या मुलीला मी जवळ बोलावून सांगितलं की त्या दिवशी मी तुला चुकीचं शिकवलं, त्याला सपोर्ट म्हणत नाहीत. ती म्हणाली, "माहितीये, मॅम." चांगली नर्स होणार ती. तुमच्यासारखी खडूस होणार.

काकांच्या सहाही फेऱ्या झाल्या. अजून दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात, आणि दर वेळी ते दहा किलोचं माप पिशवीत घालून आणतात. काट्याच्या दुरुस्तीवाल्यानं त्यांच्यामुळे तीनदा येऊन काटा बरोबर करून दिला. गेल्या महिन्यात एकसष्ट भरले. स्वतःच पुकारलं, अख्ख्या वॉर्डात, आणि पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या टेबलाशी येऊन बसले. म्हणाले, "सिस्टर, चुकी झाली तर चुकी म्हणायचं, ह्ये तुमी कुठं शिकला? मोठ्या दवाखान्यात ऱ्हात न्हाई माणूस असं." मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. सात नंबरची खाट, स्टूल, सगळं. आणि सांगता सांगता, मला ठाऊक नाही का, मी त्यांना तेही सांगितलं जे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

तुम्ही रिटायर झालात आणि सहा महिन्यांत आपल्याच वॉर्डात पेशंट म्हणून आलात. तुम्हालाही जठराचाच. औषधं बंद झाली होती, फक्त वेदना कमी करायचं चाललं होतं. तेव्हा वजन घेऊन उपयोग नव्हता, पण तुम्ही म्हणालात, "अहो, आज सोमवार, वजनाचा दिवस. माझ्यासाठी नियम वेगळे आहेत का?" मी तुम्हाला काट्यावर चढवलं. तुम्ही माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून उभ्या होतात आणि डोळे मिटून घेतले होते. गोटा सरकवत सरकवत मी किती मागे आणला, त्याचा आवाज तुम्ही ऐकत होतात. "किती?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "बेचाळीस." तुम्ही डोळे उघडले नाहीत. "बरं," म्हणालात, "लिहा." खाटेवर आल्यावर उशीखालून हे पेन काढून दिलंत. तुमचा तक्ता तुम्ही रोज वाचायचात, खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला, हे मला माहीत होतं. म्हणून मी त्यावरही बेचाळीसच लिहिलं. आपल्या वॉर्डाच्या तक्त्यावर खोटा आकडा, तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्याच पेननं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "पेन राहू दे तुमच्याकडे, सिस्टर." मला तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा सिस्टर म्हणालात. मला वाटलं बक्षीस आहे. मी बाहेर जाऊन रडले, आनंदानं. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या बाईंना कळलं असंल सिस्टर. जल्मभर दुसऱ्याचं वजन घेतलेलं माणूस त्ये. काट्यावर पाय ठिवला की तळव्याला कळतंय. त्यांनी तुमास्नी सोडलं, येवढंच." आणि पिशवी उचलून गेले, रिक्षा थांबली होती.

तेव्हापासून मी हिशेब लावतेय की तुम्ही मला माफ केलंत की पेन देऊन शिक्षा केलीत. तुमचा स्वभाव बघता दोन्ही एकदम केलं असणार. मी ह्या पेननं त्यानंतर एक अक्षर लिहिलं नाही, हे पहिलंच. पत्ता लिहायला पाकीटही काढलं होतं, सवयीनं, मग लक्षात आलं आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. कागद तुमच्या स्टुलाच्या रेक्झिनखाली सरकवून ठेवीन, नाहीतर लेकीच्या हाती लागेल. तुमच्याजवळ मला बसायला हवं होतं, बाई. मी खोटं बोलले आणि सुटले. तुम्ही विचारलं होतंत तेवढं आता सांगते.

काट्यावर अडतीस होतं.